गिअर फुटलाय, रूळ पुसून काय होणार?

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: मॉडेल रेल्वेचं एचओ स्केल (खऱ्याच्या १/८७ आकाराचं) डब्ल्यूएपी-४ हे विजेचं इंजिन चालता चालता बंद पडलं आणि तुम्ही वॉरंटी नाकारली, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमचा मेल मिळाला. त्यात परत तेच, "कृपया ट्रॅक व चाके स्वच्छ करून पहा". अहो, पुसलेत हो रूळ! आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सुती कपड्याने पुसलेत, चाकं पुसलीत, पिकअपच्या, म्हणजे चाकांवरून करंट घेणाऱ्या, पितळी पत्र्यासुद्धा साफ केल्यात. आणि तुमच्या फोनवरच्या त्या मुलाने तर मला बारीक पॉलिश पेपर मारा म्हणून सांगितलं, निकेल सिल्व्हरच्या रुळाला पॉलिश पेपर! ओरखडे पडले की त्यातच पुढे काळं साचतं, हे तुमच्या माणसाला मी सांगायचं का? वर म्हणे लाल काळी वायर उलटी करून बघा. डीसीवर वायर उलटी केली तर इंजिन उलटं धावतं, बंद पडलेलं चालू होत नसतं.

मी भुसावळचा, लोको शेडमध्ये फिटर म्हणून नोकरी झाली, आता रिटायर आहे. डब्ल्यूएपी-४ वर हात काळे केलेत म्हणून हौसेने तेच मॉडेल घेतलं, १८,५०० रुपये मोजून. १:८७ चं मॉडेल, खरा ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, तर या हिशोबाने ते १९ मिमीच्या वर पाहिजे आणि तुम्ही देता १६.५ मिमी, पण ते सगळीकडेच तसं चालतं म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. रंगकाम, पँटो (छतावरचा वीज घेणारा सांगाडा), नंबर सगळं झकास. तक्रार आतल्या मालाची आहे.

आता काय झालं ते नीट वाचा, कारण आधीचे मेल कोणी वाचलेले दिसत नाहीत. गाडी चार डबे घेऊन मजेत फिरत होती, वळणावर टकटक असा आवाज सुरू झाला, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक, आणि दोन चक्करमध्ये इंजिन जागेवर उभं. हेडलाइट चालू, मोटर जरा गुणगुणली आणि मग पॉवर पॅकचा, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या डब्याचा, ओव्हरलोडचा लाल दिवा लागून सगळंच बंद. थोड्या वेळाने पॅक थंड झाला की परत तीच कथा. आता सांगा, रूळ घाण असते तर लाइट पेटला असता का? घाणीने करंट मिळत नाही, इथे तर करंट नको तितका जात होता. मीटर लावून पाहिलं, एरवी ०.३ अँपिअरच्या आसपास घेणारं इंजिन अडकल्यावर १ अँपिअरच्या वर जायचं. म्हणजे मोटर जोर लावतेय आणि पुढे काहीतरी जाम आहे, एवढं तर शेडमधला नवा पोरगाही सांगेल.

म्हणून बॉडी काढली. दोन्हीकडचे शाफ्ट सोडून नुसती मोटर फिरवली तर लोण्यासारखी फिरली, ब्रश ठीक, कम्युटेटर स्वच्छ. मग एकेक बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा, बोटाने ढकलून पाहिली. मागची मोकळी. पुढची फिरता फिरता एका जागी अडायची, बरोबर त्याच जागी, दर फेऱ्याला. खालचं प्लास्टिकचं झाकण उचकटलं आणि मधल्या अॅक्सलवरचा पांढरा गिअर भिंगाखाली धरला तर अॅक्सलच्या भोकापासून दोन दातांच्या मधोमध केसासारखी चीर, आणि तिथली फट फाकलेली. वरचा गिअर फिरत फिरत त्या फटीवर आला की दाताला दात बसत नाही, अडकतो. माझ्या जुन्या जोडीदाराला दाखवलं, तो एकदा बघून म्हणाला, "भो, हा तर गिअरच फुटेल आहे."

खऱ्या डब्ल्यूएपी-४ ला सहा अॅक्सल आणि सहा ट्रॅक्शन मोटर, एक गेली तर ती आयसोलेट करून ड्रायव्हर गाडी पुढे काढतो. तुमच्या मॉडेलमध्ये एकच मोटर सहाही अॅक्सलला फिरवते, त्यामुळे एक गिअर अडला की अख्खं इंजिन फेल. त्यात काही गैर नाही, एवढ्याशा जागेत तसंच करावं लागतं, पण मग तो गिअर तरी धड द्या ना! ही चीर माझ्या वापराने पडलेली नाही. प्लास्टिकच्या गिअरचं भोक अॅक्सलपेक्षा बारीक ठेवून दाबून बसवलं की प्लास्टिक कायम ताणात राहतं आणि कधी ना कधी भोकापासून तडकतं, कपाटात ठेवून दिलं तरी तडकतं. इंजिन पडलेलं नाही, आपटलेलं नाही, बॉडीवर ओरखडा नाही, फोटो जोडले आहेत.

आता तुमची वॉरंटी नाकारायची कारणं. एक म्हणजे ग्राहकाने बॉडी उघडली. अहो, बॉक्सवर मोठ्या अक्षरात डीसीसी रेडी, म्हणजे डिजिटल कंट्रोलसाठी तयार, असं छापलंय, त्याचा डिकोडर (छोटा सर्किट बोर्ड) बसवायचा तर बॉडी न काढता कुठून बसवू, खिडकीतून? तुमच्याच माहितीपत्रकात गिअरला तेल द्या म्हणून बॉडी काढायचं चित्र आहे, त्याचा फोटो पण जोडला आहे. दुसरं कारण तर कमालच, "परिसरातील अति उष्णतेमुळे". इंजिन फेल झालं ऐन थंडीत, भरीत पार्ट्यांच्या दिवसांत! आणि मे महिन्यात इकडे पारा ४५ ला जातो हे खरंय, मग बॉक्सवर छापा की खान्देशात विकू नये, आम्ही नाही घेणार.

स्पेअर मागितला तर म्हणे पार्ट सुटा मिळत नाही, पूर्ण इंजिन आमच्याकडे पाठवा, दोन्ही बाजूचा कुरिअर खर्च तुमचा. काही रुपयांच्या गिअरसाठी अख्खं इंजिन कुरिअरच्या गोणीत घालायला मी तयार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सहाही अॅक्सलचे व्हील सेट गिअरसकट पाठवा, सहाही, कारण बाकीचे पाच एकाच लॉटमधले असणार आणि तेही आज ना उद्या तडकणार. बसवायचं काम मी करतो, मजुरी मागत नाही. ते जमत नसेल तर पैसे परत करा आणि इंजिन तुमच्या खर्चाने घेऊन जा. १५ दिवस थांबतो. त्यानंतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करीन, आणि तिथेही नाही झालं तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच केस करता येते आणि ५ लाखापर्यंतच्या मालाला फी पण लागत नाही, तेव्हा मला काही मुंबई-दिल्लीला हेलपाटे पडणार नाहीत, वकील मात्र तुम्हाला जळगावला पाठवावा लागेल.

खरं तर पाचोरा-जामनेरची आमची पीजे, ती नॅरोगेज, २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, तिचं मॉडेल काढा म्हणून मीच तुम्हाला लिहिणार होतो. आता आधी हे निस्तरा.

आणि एक विनंती, उत्तर गिअर बघितलेल्या माणसाने द्यावं. "ट्रॅक स्वच्छ करा" वाला मेल परत आला तर तोही तक्रारीला जोडीन.

आपला,
एक ग्राहक, भुसावळ

सोबत: बिलाची कॉपी, फुटलेल्या गिअरचे फोटो, माहितीपत्रकाचा फोटो, टकटक आवाजाचा व्हिडिओ (आवाज मोठा करून ऐका)