घर विहिरीपासून थोडे सरकवू या

बडोदे,
९ जून

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझे बोलणे अर्धवट राहिले आणि बाबा, तुम्ही थोडे नाराजही झालात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. देपालपूरच्या जमिनीवर घर बांधायला माझा विरोध नाही. इंदूरच्या गल्लीतला गोंगाट सोडून तुम्हा दोघांना तिथे राहावेसे वाटते, हे मला समजते. माझी विनंती इतकीच आहे की, संडास-न्हाणीचे पाणी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय पाया भरू नये, मग पावसाळ्यापूर्वी पाया भरून घेण्याची घाई ठेकेदाराने कितीही केली तरी.

त्याने चुन्याने जी आखणी केली आहे, तीत शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम ३० फुटांवर येतो. ‘पाइप कमी लागेल,’ हे त्याचे म्हणणे खरे आहे, पण तो हिशेब पाइपचा आहे, पाण्याचा नाही. सेप्टिक टाकीसंबंधीच्या भारतीय मानकात (आय.एस. २४७०) सांडपाणी जमिनीत जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट, आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावी असे सांगितले आहे. आपल्याकडे तर त्याहूनही अधिक अंतर ठेवलेले बरे, कारण माळव्यात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण असतो. त्या भेगांतून गेलेले पाणी गाळले जात नाही, ते सरळ वाहत जाते.

आता जमीन किती पाणी जिरवते हे पाहण्याच्या चाचणीबद्दल. मे महिन्यात मी तीन फूट खोल खड्डा खणून, तळाशी खडी टाकून त्यात पाणी ओतले, तेव्हा बघता बघता ते नाहीसे झाले. ‘बघ, आपली जमीन कशी पाणी पिते,’ असे तुम्ही कौतुकाने म्हणालात. बाबा, जमीन प्याली नव्हती. उन्हाने पडलेल्या भेगांत ते पाणी उतरले होते. काळी माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. म्हणूनच खड्डा पूर्ण एक दिवस पाण्याने भरलेला ठेवायचा आणि मोजमाप त्यानंतर करायचे, असा नियम आहे. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात पाणी फक्त ६ मिलिमीटर उतरले. या गतीने २५ मिलिमीटर उतरायला दोन तासांहून अधिक वेळ लागेल, आणि एक तासाहून अधिक लागला तर तिथे शोषखड्डा चालत नाही. भर पावसात तो खड्डा तुडुंब भरेल आणि संडासाचे पाणी अंगणात उलटेल. खड्डा आणखी खोल खणून मुरमापर्यंत न्यावा, हा ठेकेदाराचा उपाय मला अधिकच घातक वाटतो, कारण मग ते पाणी थेट पाषाणाच्या भेगांत, म्हणजे विहिरीच्या वाटेला लागेल.

मला सुचते ते असे. घर पश्चिमेकडे, म्हणजे उताराच्या बाजूला, साधारण ४० फूट सरकवावे. विहीर वर राहील आणि सांडपाणी तिच्या खालच्या अंगाला जाईल. दोन कप्प्यांची सेप्टिक टाकी, तिच्यानंतर खडीचे गाळण आणि त्यापुढे तळ पक्का केलेला उथळ खडीचा वाफा, त्यात कर्दळ. हे सर्व नाल्याला पूर चढतो त्या खुणेच्या वर हवे. ती खूण शेतावरच्या गड्याला ठाऊक असेल, त्याला विचारावे. टाकी दर दोन-तीन वर्षांनी टँकरने उपसावी लागेल, तेव्हा रस्त्याकडून टँकर येईल एवढी जागा मोकळी ठेवा. कुणी माणूस आत उतरवायचा नाही. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्या वायूने माणसे मरतात. घर सरकवल्याने कडुनिंबाची सावली दूर जाईल हे मला कळते, आणि तुमचे गुडघेही. पण ओट्यापासून निंबापर्यंत फरशीची वाट करून देता येईल.

आई, तू पाणी उकळतेस तेवढ्याने भागेल असे म्हणालीस. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटल्याने ते उलट थोडे दाटच होते. भोवतालच्या सोयाबीन-गव्हाला पडणारा युरिया आणि शेजारच्या गोठ्याचा उकिरडा पाहता नायट्रेटची तपासणी केलीच पाहिजे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. दादाचे बाळ चार महिन्यांचे आहे, आणि एवढ्या लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती अधिक नायट्रेटने कमी होते. त्याची दुधाची पावडर त्या पाण्यात कालवण्यापूर्वी अहवाल हातात हवा. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, एकदा आता आणि एकदा पहिल्या जोरदार पावसानंतर. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली त्यांच्याकडचीच निर्जंतुक घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) मुळीच सापडता कामा नये. विहिरीचा कठडा मात्र निकालाची वाट न पाहता उंच करून घ्या.

डायव्हर्शनचे, म्हणजे शेतजमीन घरासाठी वळवण्याचे काम (मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९, कलम ५९) बाबा माझ्याहून चांगले जाणतात. फक्त त्यासोबतच्या नकाशात टाकी आणि विहीर यांचे अंतर आकड्यात लिहून घ्या, म्हणजे बांधताना कुणी ‘थोडे इकडे’ करणार नाही.

मी २१ तारखेच्या शनिवारी येते आहे. तोवर ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये. चुन्याच्या जुन्या रेघा पुसू नका, त्यांवरूनच नवी आखणी मोजू. मोठी टेप तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात आहे.

आपली,
मंजिरी