रेडिओवरचा हिप हॉप एकसुरी

महोदय,

एफएमवर हिप हॉप म्हणून हल्ली जे वाजतं ते एकाच साच्यातलं आहे. तोच घुमणारा बेस, तीच हाय-हॅटची (ड्रमसेटमधल्या झांजांची) टिकटिक, ऑटो-ट्यून या सूर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ओढलेला तोच आवाज. विषय गाडी, पैसा आणि पार्टी. शिवाय तीच चार गाणी सकाळ-संध्याकाळ. हिंदी चित्रपटगीतात मधेच घुसवलेल्या आठ ओळींना तर मी रॅप (हिप हॉपमधलं तालावर बोलणं) मानतच नाही.

1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये, गरीब वस्त्यांत जन्मलेलं हे संगीत. आपल्या गल्लीची गोष्ट आपल्या बोलीत सांगणं हा त्याचा जीव. अमेरिकेतही 1996 च्या कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरची देशव्यापी मर्यादा उठली, मोजक्या कंपन्यांनी शेकडो केंद्रं विकत घेतली आणि शहराशहरांतला वेगळेपणा विरत गेला.

दोष कलाकारांचा नाही. आपल्या पुण्यातल्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन यूट्यूबवरून पुढे आला. आज मराठीत, अस्सल पुणेरी बोलीत रॅप लिहिणारी मुलं आहेत. पाणी, बेकारी, जात यांवर ती बोलतात, आणि त्यांचे ताल किती वेगवेगळे! कुणी ढोलकी घेतं, कुणी हलगी. हे सगळं मोबाइलवर शोधावं लागतं, रेडिओवर ऐकू येत नाही.

पुण्यातल्या एफएम केंद्रांनी आठवड्यातून निदान एक तास, तोही मध्यरात्री नव्हे, या मुलांना द्यावा. आणि गाणी निवडायला त्यांच्यातल्याच कुणाला बसवावं.

– एक श्रोता, येरवडा, पुणे