पतन तिसऱ्या अध्यायात येते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतःच वाईट मानतो’, असे विधान सर्रास ठोकून दिले जाते. ते अर्धवट आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला स्वतःच्या प्रतिरूपात घडवतो आणि सारी निर्मिती त्याला फार चांगली दिसते. पतन, म्हणजे आदाम-हव्वेने देवाची आज्ञा मोडणे, येते तिसऱ्या अध्यायात. म्हणजे मूळ घडण चांगली, कीड नंतर लागलेली.

ती किती खोल गेली, यावर मात्र एकमत नाही. माणूस स्वबळावर निष्पाप राहू शकतो, हे पेलागियस या धर्मशिक्षकाचे मत बिशप ऑगस्टीनने खोडले आणि ४१८ च्या कार्थेज येथील चर्च परिषदेने नाकारले. बाप्तिस्म्याने मूळ पाप (आदामापासून प्रत्येकाला आलेले पाप) पुसले जाते, पापाकडचा ओढा तेवढा उरतो, असे कॅथलिक मत. ट्रेंटच्या परिषदेने ते १५४६ मध्ये मांडले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत आदामाकडून मर्त्यपण वारशाने येते, त्याचा अपराध येत नाही.

सर्वाधिक विपर्यास होतो तो कॅल्व्हिनपंथीयांच्या (सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या प्रोटेस्टंट अनुयायांच्या) ‘संपूर्ण भ्रष्टते’च्या शिकवणीचा. प्रत्येक जण कमालीचा दुष्ट, असे ते म्हणतच नाहीत (टीकाकार मात्र तेच गृहीत धरतात). बुद्धी, इच्छा, भावना यांतले काहीही पापापासून अलिप्त नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणाऱ्या नास्तिकाचे कृत्य तेही चांगलेच मानतात. मात्र अशा कृत्याच्या बळावर तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते हे त्यांना मान्य नाही.

– एक वाचक