कपाळावरचा पट्टा आणि मुलांचा संयम

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विजेच्या सौम्य प्रवाहाने आणि मेंदूच्या व्यायामाने मुलांची निर्णयक्षमता व मनावरचा ताबा वाढवून देतो, असे सांगणारे पत्रक गेल्या आठवड्यात आपल्या अंकातून आमच्या घरी आले. (पत्रके विक्रेत्याकडे घातली जातात, त्यात आपला हात नसतो, हे मी जाणतो.) दहावीतल्या नातवाने मोबाइलवरच्या खेळापायी आईच्या खात्यातले पैसे दोनदा उडवले असल्याने सुनेने ते पत्रक जपून ठेवले आणि मी सात रस्ता चौकातून रिक्षा करून त्या केंद्रात चौकशीला गेलो.

तेथे सातवी-आठवीतल्या एका मुलीच्या कपाळावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज रबरी पट्ट्याने आवळलेले होते. भुवईवर ओघळणारे पाणी ती बाहीने पुसत होती आणि समोरच्या टॅबवर बाण दिसला की बटण दाबायचे, शिट्टी वाजली की हात आखडता घ्यायचा, असा खेळ वीस मिनिटे चालला होता. तीस बैठकांचे अठरा हजार रुपये. देखरेखीला डॉक्टर कोण, या प्रश्नाला ‘आमचे प्रशिक्षक आहेत’ एवढेच उत्तर मिळाले.

हे शास्त्र थोतांड आहे, असे माझे म्हणणे नाही. मोह आवरण्यात आणि पुढचा विचार करण्यात कपाळामागच्या मेंदूच्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि एक ते दोन मिलिअँपिअर इतक्या क्षीण प्रवाहाने तेथील पेशींची उद्दीपित होण्याची तयारी थोडी कमी-जास्त करता येते. मात्र त्या प्रवाहाचा बराचसा भाग त्वचेत आणि कवटीतच जिरतो, प्रत्येकाच्या कवटीची जाडी वेगळी असते, आणि निरोगी माणसांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. डोक्याजवळ चुंबकीय स्पंदने देऊन मेंदू उद्दीपित करण्याची पद्धत याहून निराळी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्या यंत्रांना २००८ साली नैराश्यासाठी आणि २०२० साली धूम्रपान सोडवण्यासाठी परवानगी दिली, पण ते उपचार आजाराचे निदान झालेल्या रुग्णांवर वैद्यकीय देखरेखीखाली होतात. परीक्षेच्या तयारीतल्या मुलाचा उतावळेपणा हा त्यातला आजार नव्हे.

राहिला मेंदूचा व्यायाम. २०१० साली ब्रिटनमध्ये अकरा हजारांहून अधिक लोकांनी सहा आठवडे असे खेळ खेळून पाहिले. खेळलेल्या प्रत्येक खेळात प्रगती झाली, परंतु न खेळलेल्या, अगदी त्याच धाटणीच्या कसोट्यांत तिचा उपयोग झाल्याचे दिसले नाही. अशाच खेळांचा गाजावाजा करणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’ या खेळसंचाच्या कंपनीला अतिरंजित जाहिरातींबद्दल २०१६ साली अमेरिकेत वीस लाख डॉलर मोजावे लागले. शिट्टी ऐकून बोट थांबवण्यात तरबेज झालेले मूल रात्री अकरा वाजता, कोणी शिट्टी वाजवत नसताना, मोबाइल खाली ठेवील, हे मानायला आधार कोणता?

मी तीस वर्षे एका पतसंस्थेत काम केले. तिरमिरीत मुदत ठेव मोडायला आलेल्या खातेदाराला आमचे शाखाधिकारी आधी चहा पाजत, बुडणारे व्याज त्याच्याच हाताने कागदावर मांडायला लावत आणि मगच अर्ज पुढे सरकवत. कितीतरी जण तो अर्ज कोराच ठेवून घरी गेले. त्यांच्या मेंदूत काय बदलले ते मला सांगता येणार नाही, पण मध्ये पंधरा मिनिटे गेली होती. घरी आम्ही तेच केले आहे. सुनेने पैसे पाठवण्याचा पिन बदलला आणि रात्री सर्वांचे, माझासुद्धा, मोबाइल बैठकीतल्या फळीवर चार्जिंगला लागतात. पहिले तीन दिवस आदळआपट झाली, ती आता कमी आहे.

आपण शहरातील मनोविकारतज्ज्ञांचे मत या विषयावर छापावे, आणि यंत्र कोणते, प्रवाह किती व देखरेख कोणाची हे दर्शनी भागात लावणे अशा केंद्रांना आरोग्य खात्याने बंधनकारक करावे, अशी विनंती आहे. त्या मुलीच्या कपाळावर पट्टा काढल्यानंतर दोन लालसर वर्तुळे उमटली होती. ती चालतात का, हे तिच्या आईने मला विचारले. विचारायला तेथे दुसरे कोणी नव्हते.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी,
सोलापूर