डेव्ह क्लार्क फाइव्हची गाणी गेली कुठे?

संपादक साहेब, नमस्कार,

साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडवर काही छापून आलं की गाडी बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सच्या पुढे जातच नाही, म्हणून लिहितोय. लंडनच्या टॉटनहॅममधल्या डेव्ह क्लार्क फाइव्हच्या 'ग्लॅड ऑल ओव्हर'ने जानेवारी 1964 मध्ये ब्रिटनच्या चार्टवर बीटल्सना पहिल्या नंबरवरून खाली खेचलं होतं, तरी आज रॉक ऐकणाऱ्या पोरांना बँडचं नावसुद्धा माहीत नसतं.

कारण गाणीच मिळत नव्हती! ड्रमर डेव्ह क्लार्क हाच मॅनेजर आणि प्रोड्युसर, त्याने मास्टर टेप्सचे, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे, हक्क स्वतःकडेच ठेवले, तेव्हा भल्याभल्यांचे हक्क कंपन्यांच्या खिशात होते त्यामुळे हे शहाणपणाचंच होतं, पण मग 1978 ते 1993 त्याने काहीच विकायला काढलं नाही, आणि नेमका तोच सीडी घरोघरी पोचण्याचा काळ, बाकीचे बँड नव्या पिढीपर्यंत गेले, हे राहिले. 93 ची डबल सीडीसुद्धा पुढे बाजारातून गायब झाली.

गायक माइक स्मिथ 2008 मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेण्याच्या सोहळ्याच्या काही दिवस आधीच गेला, काय आवाज होता राव त्याचा, फार वाईट वाटतं.

2020 ला 'ऑल द हिट्स' हा गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघाला ते चांगलंच झालं, पण हिट्स म्हणजे अख्खा बँड नव्हे, मूळ अल्बम जसेच्या तसे, सगळ्या गाण्यांसकट यायला पाहिजेत. तुमच्या पुरवणीत ह्यांच्यावर एक सविस्तर लेख द्याच, आणि त्यात डेनिस पेटनच्या सॅक्सोफोनबद्दल जरूर लिहा.

एक वाचक, डोंबिवली