सूचना: डेबियन इन्स्टॉलरच्या प्रीसीड फाइलबाबत

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, भाषा, कीबोर्ड, टाइमझोन इत्यादी प्रश्नांची उत्तरे डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमच्या इन्स्टॉलरला (ती संगणकावर बसविणाऱ्या प्रोग्रामला) आधीच पुरविणारी प्रीसीड फाइल इतरांना देण्यापूर्वी काळजीपूर्वक तपासून घ्यावी. प्रत्येक ओळीत मालक (प्रश्न ज्या प्रोग्रामचा आहे तो), प्रश्नाचे नाव, प्रकार आणि मूल्य हा क्रम असतो. प्रकार व मूल्य यांच्यामध्ये एकच स्पेस किंवा टॅब द्यावा, कारण दुसरी स्पेस मूल्याचाच भाग धरली जाते आणि ही चूक नजरेला सहसा दिसत नाही. उत्तर केवळ सुचवायचे असून प्रश्नही विचारला जायला हवा असेल, तर त्यासाठी ‘सीन’ (प्रश्न आधीच पाहिला आहे, अशी खूण) हे ‘फॉल्स’ (असत्य) करणारी वेगळी ओळ लिहावी.

सर्वाधिक काळजी डिस्कच्या पार्टिशनची (विभागणीची) घ्यावी. त्याचे सगळे होकार फाइलमध्येच दिलेले असतील, तर इन्स्टॉलर काहीही न विचारता डिस्कवर बदल करतो, आणि त्या डिस्कवर कोणाचे तरी कित्येक वर्षांचे काम असू शकते. म्हणून कळकळीची विनंती आहे की, इतरांना द्यायच्या फाइलमध्ये हे होकार ठेवू नयेत. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ शब्द वाचता येणार नाही अशा रूपात बदलूनच, लिहावा. फाइल प्रथम व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या आभासी संगणकावर) चालवून पाहावी.