ज्योतीचा रंग आणि तापमान

संपादक महोदय,

'निळी ज्योत जास्त गरम, म्हणूनच ती निळी' असे मुलांना सर्रास सांगितले जाते. निवृत्त विज्ञानशिक्षिका म्हणून हे मला खटकते. केवळ तापमानामुळे निळा रंग यायचा, तर मृग नक्षत्रातील राजन्य ताऱ्याप्रमाणे सुमारे १२,००० अंश लागतील. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत तर २,००० अंश सेल्सिअसच्या आतच असते! तिचा निळा रंग येतो तो ज्वलनात क्षणभर तयार होणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या तुकड्यांमुळे. निरांजनाच्या ज्योतीत मात्र काजळीचे कण तापून पिवळे चमकतात. तिथे रंगाचा तापमानाशी खरा संबंध आहे. (त्या ज्योतीवर वाटी धरली की हेच कण काजळ म्हणून जमतात.)

भात उतू गेला की ज्योत पिवळी होते, ती पाण्यातल्या मिठाच्या सोडियममुळे. बुन्सेन आणि किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहताना दिसणाऱ्या अशाच रंगरेषांवरून १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली.

पण काही सांडलेले नसताना ज्योत सतत पिवळी, लवलवती राहत असेल आणि भांड्यांची बुडे काळी होत असतील, तर बर्नरला हवा कमी पडते आहे. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर त्यामुळेच जीवघेणा ठरतो. शाळेत ज्योतीचे भाग शिकवताना हे आवर्जून सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा